पालकांचा मोबाईल नंबर

गेल्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या मूल्यांकनासाठी माहिती गोळा करताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. एमबीएच्या पहिल्या वर्षाला एकशे वीस विद्यार्थी. त्यातल्या एकतीस जणांच्या फॉर्मवर पालकांचा मोबाईल नंबर एकच. आडनावं वेगळी, पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशी गावं वेगळी, आणि नंबर तोच. समितीला हे दिसलं तर आमच्या बाकीच्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी कागद घेऊन प्रवेश विभागात गेले.

वैजनाथभाऊ खिडकीपाशी उभे राहून कुणाचा तरी जुना दाखला उजेडात धरून वाचत होते.

"भाऊ, हा नंबर एकतीस ठिकाणी आलाय. माहिती भरताना काहीतरी चुकलंय."

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "चुकलं न्हाई मॅडम. तो माझा नंबर हाय."

"तुम्ही एकतीस जणांचे पालक?"

"बत्तीस हुते. एकानं पुण्याला कॉलेज बदलून घेतलं."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मग माझ्याही लक्षात आलं आणि मी कागद घडी घालून परत आले. आदल्या वर्षी काय झालं होतं ते मला माहीत होतं. त्यात थोडा हात माझाही होता.

वैजनाथभाऊंचं वय पंचेचाळीसच्या आसपास. नगरबाहेरच्या आमच्या कॉलेजात ते शिपाई म्हणून लागले, बाहेरून बी.कॉम. झाले आणि मग प्रवेश विभागात कारकून झाले. स्वतः कधी एमबीएच्या वर्गात बसले नाहीत, पण प्रवेशाचे नियम त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त पाठ. प्रवेश फेऱ्या सुरू झाल्या की त्यांच्या टेबलाभोवती ही गर्दी. "भाऊ, हीच सीट फ्रीज करू का चांगल्यासाठी बेटरमेंटला टाकू?" "भाऊ, सत्तर पर्सेंटाईलला पुणं मिळंल का?" भाऊ मान वर न करता सांगायचे, "पुणं मिळंल की. कॉलेज मिळणार न्हाई." पोरं हसायची, ज्याला सांगितलं तोही हसायचा आणि आमच्याकडे प्रवेश घ्यायचा.

त्यांचा जन्म उसाच्या फडावरचा. आईवडील पाथर्डी तालुक्यातले, दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारे. भाऊ सांगतात, पाचवीपर्यंत त्यांनी शाळेचं पहिलं सत्रच तेवढं बघितलं. दुसऱ्या सत्रात काय शिकवतात ते पाचवीनंतर, वस्तीवरच्या आत्याकडे राहायला लागल्यावर कळलं. त्या काळात त्यांच्या वस्तीवर फोन एकाच घरात, मुकादमाच्या. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्याला नेणारा माणूस. भाऊ सातवीत असताना आईला फडात साप चावला. ती दवाखान्यात आहे हा निरोप त्या फोनवर आला. ती वाचली, हा निरोपही चार दिवसांनी त्याच फोनवर आला. मधले चार दिवस सातवीतलं पोरगं मुकादमाच्या ओट्यावर बसून होतं.

हे सांगायचं कारण, पुढची चूक तिथून आली.

दर वर्षी जून-जुलैत, टोळ्या गावी असताना, भाऊ रविवारी मोटारसायकल काढून वस्त्यांवर जायचे. कॉलेजनं सांगितलेलं नव्हतं, पेट्रोलही कॉलेज देत नव्हतं. पदवी झालेली पोरगी किंवा पोरगा कुठल्या घरात आहे याची त्यांना बरोबर खबर असायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी त्यांना पंकजा भेटली. आसाराम आणि केशरबाईची थोरली मुलगी. बी.कॉम.ला तालुक्यात दुसरी. एमबीएची सीईटी तिनं मैत्रिणीबरोबर सहज म्हणून दिली होती आणि तिला चौऱ्याहत्तर पर्सेंटाईल होते. पुढे काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं. भाऊंनी तिच्या वडिलांना ओट्यावर बसून तासभर समजावलं. आसाराम शेवटी म्हणाले, "तू म्हनतोस तर शिकू दे. पर तिचं सगळं तुलाच बघावं लागंल. आमी काय, दसऱ्याला चाललो."

"बघतो," भाऊ म्हणाले.

ऑगस्टमध्ये पंकजा फॉर्म भरायला आली तेव्हा मी तिथेच होते. मी नुकतीच कॉलेजात संगणक विभागात लागले होते आणि प्रवेशाचा नवा ऑनलाईन फॉर्म हे माझं पहिलं काम होतं. मला त्याचा अभिमान होता. एकही रकाना रिकामा राहू नये अशी सोय मी केली होती.

"पालकांचा मोबाईल नंबर?" मी विचारलं.

"पप्पांचा बंद हाय," पंकजा म्हणाली. "रिचार्ज संपला की ते शिमच बदलत्यात."

"मग आईचा?"

"आईला कुठला?"

"तुझा स्वतःचा?"

"हा माझ्या मावसभावाचा हाय. दिवाळीला परत द्यायचाय."

"रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जाणार नाही," मी म्हणाले.

भाऊ पलीकडून म्हणाले, "कानिफनाथ मुकादमाचा टाका. पंधरा वर्षं नंबर बदलला न्हाई त्यानं. घरी असू दे न्हाईतर फडात, माणूस फोन उचलतो."

पंकजानं तो नंबर न अडखळता तोंडपाठ सांगितला. रेशनकार्डाला तोच, बँकेला तोच, गॅसला तोच. अख्ख्या वस्तीला तो पाठ होता. मी दहा आकडे टाकले आणि फॉर्म पुढे गेला.

त्याच दिवशी भाऊंनी तिचा जात पडताळणीचा अर्जही भरून दिला. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्याला नॉन क्रिमिलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला लागतोच; शिवाय नुसता जातीचा दाखला पुरत नाही, तो तपासून खरा ठरल्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसेल तर अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो. पण प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत आणून द्यायचं. नाही दिलं तर प्रवेश रद्द. त्या अर्जावरही भाऊंनी मुकादमाचाच नंबर लिहिला. ईमेल होता तो सायबर कॅफेवाल्यानं उघडून दिलेला, त्याचा पासवर्ड पंकजाला ठाऊकच नव्हता.

पंकजा वसतिगृहात राहिली. पहिल्या महिन्यात वर्गात बोलायचीच नाही. मग मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या मॅडमनी 'कामाची वाटणी' या विषयावर चार पानं लिहून आणायला सांगितली. बाकीच्यांनी पुस्तकातून उतरवलं. पंकजानं ऊसतोडीच्या टोळीवर लिहिलं. मुकादम जोड्या कशा लावतो, थकलेल्या जोडीला गाडीजवळची सरी का देतो, बाळंतीण बाईला मोळ्या बांधायला कधी बसवतो. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. भाऊंनी ती चार पानं झेरॉक्स करून आपल्या कपाटात ठेवली होती. मला दाखवताना म्हणाले, "हे आमी जलमभर केलं मॅडम, पर ह्याला व्यवस्थापन म्हनत्यात हे आम्हाला कुणी सांगितलं न्हाई."

आमच्याकडे दर वीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक प्राध्यापक असतो. दर पंधरा दिवसांनी त्यानं मुलांना भेटून अडचणी विचारायच्या आणि वहीत लिहायच्या. पंकजाचे मार्गदर्शक त्या सत्रात दोनदा बदलले. वहीत तिच्या नावापुढे सहा भेटी आहेत आणि सहाही ठिकाणी एकच शब्द आहे, 'निरंक'.

जानेवारीत प्रमाणपत्र न दिलेल्यांची यादी लागली. पंकजाचं नाव होतं. भाऊ निर्धास्त होते. अर्ज टाकलाय, येईलच. तरी त्यांनी माझ्या संगणकावर अर्जाची स्थिती बघायला सांगितलं. मी क्रमांक टाकला. पडद्यावर आलं, 'अर्ज निकाली काढण्यात आला आहे.'

खाली कारण होतं. पूर्वजांचा जातीची नोंद असलेला जुना पुरावा जोडलेला नाही. तीस दिवसांत सादर करण्याचा संदेश अर्जदाराच्या मोबाईलवर ऑक्टोबरमध्ये पाठवला. उत्तर आलं नाही.

भाऊंनी तिथूनच मुकादमाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. आवाज एवढा मोठा होता की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"मुकादम, दसऱ्याच्या सुमाराला पंकजाचा काही मेसेज आलता का?"

"आरं वैजनाथा, माझ्या मोबाईलवर चाळीस घरांचे मेसेज येत्यात. ग्यासचा, ब्यांकेचा, लशीचा. कुणाचा कुठला, मला काय वाचता येतंय व्हय? मोबाईल भरला की सून पुसून टाकती."

"निदान मला एक फोन तरी करायचा."

"तू सांगितलं हुतंस का, असा मेसेज येनार हाय म्हनून?"

भाऊ पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचत होते.

"सांगितलं हुतंस का?" मुकादमानं पुन्हा विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"न्हाई," भाऊ म्हणाले.

मुदत संपायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत मी भाऊंना खुर्चीवर बसलेलं बघितलं नाही. पंकजाचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. चुलत आजोबांचं नाव एका शाळेत निघालं, पण रजिस्टरचं ते पान वाळवीनं खाल्लेलं. शेवटी तालुक्याच्या जुन्या दप्तरात जन्ममृत्यूची नोंदवही सापडली, मोडी लिपीतली. ती वाचून देणारा माणूस शोधला, त्याच्याकडून लिप्यंतर करून घेतलं. त्यात पंकजाच्या पणजोबांचं नाव होतं, जातीसकट. सातव्या दिवशी नव्यानं अर्ज दाखल झाला. पडताळणी कार्यालयातल्या बाईंनी कागद नीट बघितले आणि म्हणाल्या, "पुरावा चांगला आहे. पण हे तपासणीला जाणार, घरी चौकशी होणार. चार दिवसांत नाही होत हो."

त्यात त्यांची चूक नव्हती. अकराव्या दिवशी संध्याकाळी प्रवेशाची यादी ऑनलाईन बंद झाली आणि पंकजाची जागा रद्द झाली. पहिल्या सत्राची परीक्षा चार आठवड्यांवर होती.

ती रडली नाही. वसतिगृहाची खोली झाडून किल्ली देऊन गेली. दोन दिवसांनी कळलं, ती गावी गेलीच नाही, थेट फडावर गेली. केशरबाईची कंबर धरली होती आणि आसारामची जोडी मोडली होती. ऊसतोडीत एकट्या माणसाला काम नसतं. एक तोडणारा, एक मोळी बांधणारा, अशी जोडीच लागते.

आठवड्यानं डायरेक्टर सरांनी भाऊंना बोलावलं. पुढच्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती आणि कॉलेजच्या दुर्लक्षामुळे मुलीची जागा गेली असं कुठे दिसायला नको होतं. त्यांनी एक छापील अर्ज दिला. 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने प्रवेश रद्द करत आहे.' खाली विद्यार्थिनीची सही.

"मुलीची सही आहे, तेव्हा सोबत एक महिला कर्मचारी न्या," सर म्हणाले. म्हणून मी गेले.

टोळी तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाकडच्या एका कारखान्याला होती. दुपारचे बारा वाजले होते. ओळीनं टोळीच्या झोपड्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या, पुढे वाळत घातलेले कपडे. फडात शिरलो तर पंकजा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढत होती. अंगात पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल. आम्हाला बघून तिनं आधी मोळी नीट रचली, मग उतरली.

"मॅडम, तुमी पन?" ती म्हणाली आणि शर्टाच्या बाह्यांनी तोंड पुसलं. "बसा ना. कुठं बसता पर?"

आम्ही उसाच्या ढिगावर बसलो. भाऊंनी कागद काढला, पण तिच्या हातात दिला नाही.

"पंकजा, आधी ऐक. नवा अर्ज दाखल हाय. दोन-तीन महिन्यांत प्रमाणपत्र येईल. तू ह्याच्यावर सही न्हाई केलीस, तर ते आल्यावर वर अर्ज करता येईल, की चूक पोरीची न्हाई, जागा परत द्या. मिळंल का ते मी सांगू शकत न्हाई. पर दार उघडं ऱ्हातं. सही केलीस की मग स्वतःहून सोडली असं हुतंय. मग कोण ऐकत न्हाई."

मी भाऊंकडे बघत राहिले. सरांनी त्यांना सही आणायला पाठवलं होतं.

"आन दुसरं," ते म्हणाले. "त्यो नंबर मी टाकायला लावला. चूक माझी हाय."

"तुमी विचारलं असतं तरी मी त्योच दिला असता भाऊ," पंकजा म्हणाली. "आमच्याकडं दुसरा हाय कुठं?"

पलीकडून आसारामनं हाक मारली, "पंके, ट्रॉली भरायची हाय गं!"

"आले!" तिनं ओरडून सांगितलं. मग भाऊंकडे वळून हळू विचारलं, "मी सही न्हाई केली तर तुमाला काय म्हनतील?"

"माझं मी बघतो."

"काय म्हनतील पर?"

भाऊंनी खाली बघत कागद मांडीवर सरळ केला. पंकजानं माझ्याकडे बघितलं. मीही खाली बघितलं. भाऊंची नोकरी बावीस वर्षांची असली तरी दर वर्षी नव्या आदेशावर चालते, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. मुलांनासुद्धा.

तिनं भाऊंच्या मांडीवरून कागद उचलला. "पेन द्या मॅडम."

"पंकजा, आत्ताच नको. विचार कर," भाऊ म्हणाले. "मी परत येतो."

"मार्चपर्यंत मला हितनं हलता येत न्हाई. तवर वर्ष गेलंच ना? आन तुमी किती खेटे मारनार?" तिनं कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. बोटांना चिकटलेला उसाचा रस कागदाला लागला, तो तिनं टॉवेलानं टिपून घेतला. "सरांना म्हनावं, डाग पडला. चालंल का?"

"चालंल," भाऊ म्हणाले.

तिचे मूळ दाखले आम्ही बरोबर आणले होते. सही झाल्यावर ते परत द्यायचे असतात. तिनं ते मोजून घेतले, कोपीत जाऊन पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि ट्रॉलीकडे धावत गेली. परतीच्या वाटेवर इमामपूरचा घाट चढताना भाऊंनी एकदा मोटारसायकल बाजूला घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू केली.

तो अर्ज फायलीत लागला. त्या वर्षीच्या माहितीत पंकजाच्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' असं आहे. ते मीच भरलं.

एप्रिलच्या शेवटी पंकजाचं जात पडताळणी प्रमाणपत्र आलं. सगळं बरोबर, शिक्क्यासकट. रविवारी भाऊ ते घेऊन वस्तीवर गेले. टोळी परत आली होती. पंकजाचं लग्न ठरलं होतं, मेमधलं, मुलगा ऊसतोडणी यंत्रावर चालक. दारात मांडवासाठी खड्डे खणायचं काम चाललं होतं. केशरबाई भिंतीला टेकून गहू निवडत होती. भाऊंना बघून तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

पुढचं मला भाऊंनीच सांगितलं.

पंकजानं प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून पूर्ण वाचलं. आपलं नाव, वडलांचं नाव, समितीच्या सह्या, सगळं. मग विचारलं, "हे राजनंदिनीला चालंल ना?" राजनंदिनी तिची धाकटी बहीण, अकरावीत.

"चालंल की. सख्ख्या बहिणीचं असलं की जुने पुरावे काढत बसावं लागत न्हाई. लवकर हुतं."

"मग बरं झालं," पंकजा म्हणाली. तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बहिणीच्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

राजनंदिनी पिशवी छातीशी धरून भाऊंच्या समोर येऊन बसली. "भाऊ, मोठ्या कॉलेजाला अजून काय काय लागतं?"

भाऊ बोटांवर मोजून सांगायला लागले. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं, पदवीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, हे पडताळणीचं. हजारदा सांगितलेली यादी. पण त्या दिवशी मधेच त्यांना पुढचं आठवेना. ते थांबले. पोरगी बोटं धरून वाट बघत होती.

आतून, चुलीजवळून, पंकजा म्हणाली, "नॉन क्रिमिलेअर राहिलं, भाऊ."